खाऱ्या पाण्याची गोड कमाई! ब्रायटनचे भन्नाट किस्से

लोकांना समुद्राचं खारट पाणी पाजून एखादं गाव मालामाल होऊ शकतं, माहीत आहे का? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हे खरोखर घडलं. गावाचं नाव ब्रायटन! लंडनकरांना ब्रायटन म्हणजे मुंबईकरांना अलिबाग: सुट्टी लागली की बॅगा भरल्याच.

पण खरी धमाल पुढेच आहे. कुणाच्या डोक्यात कसलीही अचाट आयडिया येवो, तिच्या ट्रायलसाठी या किनाऱ्याने कायम जागा दिली आणि गावाने कायम टाळ्या. अशा गावावर जीव जडणार नाही तर काय!

सुरुवात अगदी मागून करू. शहराच्या पूर्वेला व्हाइटहॉक नावाची टेकडी आहे. साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी तिथे गोलाकार चर खणून जमायची जागा तयार केली होती. स्टोनहेंजचे ते जगप्रसिद्ध दगड तेव्हा उभेही राहिले नव्हते! आज त्याच टेकडीवरून घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक जातो. जागा जुनीच, गर्दी नवी.

आणि हा कप पाहा. १८५६ साली शेजारच्या होव्हमध्ये एक प्राचीन दफनाचा उंचवटा सपाट करताना मजुरांना अंबरचा पेला सापडला. अंबर म्हणजे झाडाचा चीक लाखो वर्षांत घट्ट होऊन तयार झालेलं सोनेरी रत्न. त्याच्या एका अख्ख्या तुकड्यातून कोरलेला हा पेला साडेतीन हजार वर्षांच्या घरातला, आणि त्याला चक्क कान आहे! इंग्लंडात चहा पोचायच्या तीन हजार वर्षं आधी कप रेडी.

माशांत भाडं, बोटीत राजा

१०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशभरातल्या जमिनींचं जे दप्तर तयार केलं, त्यात ब्रायटनचंही नाव आहे. एका जहागिरीचं भाडं किती लिहिलंय, माहीत आहे का? चार हजार हेरिंग मासे! त्या काळचं हे हेरिंग-पे.

१५१४ साली फ्रेंच आरमार आलं आणि गाव जाळून निघून गेलं. गाव पुन्हा उभं राहिलं. मासे पकडायचे होते ना!

१६५१ चा किस्सा तर सिनेमात शोभेल. लढाई हरलेला, डोक्यावर इनाम लागलेला, इंग्लंडच्या गादीचा वारस दुसरा चार्ल्स वेशांतर करून ब्रायटनला पोचला. निकोलस टेटरसेल नावाच्या, कोळसा वाहणाऱ्या बोटीच्या कप्तानाशी सौदा ठरला. जवळच्या शोरहॅमहून बोट सुटली आणि राजा फ्रान्सला पसार!

१६६० साली चार्ल्सला गादी मिळाली, पण कप्तानाचं बक्षीस काही येईना. मग टेटरसेलने काय केलं? ती बोट थेट थेम्स नदीत, राजवाड्याजवळ आणून उभी केली. राजाला आठवण झालीच! बोट आरमारात दाखल झाली, तिला ‘रॉयल एस्केप’ असं नाव मिळालं आणि कप्तानाला पेन्शन. थकबाकी वसूल करावी तर अशी!

पाणी पाजणारा डॉक्टर

१७०३ आणि १७०५ च्या वादळांनी किनाऱ्यालगतची वस्ती गिळली. गावाला उतरती कळा लागली. आणि मग एंट्री झाली डॉक्टर रिचर्ड रसेल यांची.

१७५० साली त्यांनी लॅटिनमध्ये एक ग्रंथ छापला. सांगणं सोपं होतं: ग्रंथींच्या आजारांवर समुद्राचं पाणी प्या आणि समुद्रातच डुंबा. ग्रंथ इंग्रजीत आला आणि श्रीमंत पेशंटांची रांग लागली. १७५३ साली डॉक्टरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावरच मोठं घर बांधलं. समोर अथांग औषध, स्टॉक संपायचा प्रश्नच नाही. उच्चभ्रू इंग्लंडला या माणसाने अक्षरशः पाणी पाजलं, तेही फी घेऊन!

समुद्रात उतरायची पद्धत आणखी मजेदार. चाकांवरची लाकडी खोली घोड्याने पाण्यात ओढायची, आत कपडे बदलायचे आणि पायरीवर यायचं. तिथे दणकट बाई उभीच! ती तुम्हाला धरून थेट थंडगार पाण्यात बुचकळणार. या बायकांना ‘डिपर’ म्हणत, आणि त्यांची राणी होती मार्था गन.

मार्थाबाईंचा वट असा, की युवराजाच्या महालातल्या मुदपाकखान्यात त्यांना मुक्त प्रवेश. एकदा त्यांनी लोण्याचा गोळा कपड्यांत दडवला. ते युवराजाने हेरलं आणि गप्पा मारत मारत बाईंना पेटत्या चुलीजवळ सरकवत नेलं. लोणी वितळायला लागलं, असा किस्सा आजही ब्रायटनमध्ये सांगतात. १८१५ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी मार्थाबाई गेल्या. म्हणजे खारं पाणी मानवलं म्हणायचं!

घोड्यांना घुमट, माणसांना ड्रॅगन

हा युवराज म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज. १७८३ च्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा ब्रायटनला आला, तेव्हा वय वर्षं २१. गाव आवडलं आणि मुक्काम वाढतच गेला. १७८५ साली त्याने मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न केलं. राजघराण्याच्या कायद्यात ते बसतच नव्हतं. मारियाबाईही ब्रायटनलाच राहायच्या.

आता ऐका. युवराजाने आधी कुणासाठी महाल बांधला, माहीत आहे का? घोड्यांसाठी! १८०३ ते १८०८ च्या दरम्यान प्रचंड काचेच्या घुमटाखाली साठेक घोड्यांचा तबेला उभा राहिला. त्याच्यापुढे युवराजाचं स्वतःचं घर खुजं दिसू लागलं. मग १८१५ ला जॉन नॅश या आर्किटेक्टला बोलावलं आणि सात वर्षांत रॉयल पॅव्हिलियन तयार झालं.

बाहेरून पाहाल तर कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, जाळ्या. इंग्लंडात आहोत की हिंदुस्थानात, असं वाटावं! आत शिराल तर थेट चीन. मेजवानीच्या दालनात ड्रॅगनच्या पंजात अडकवलेलं, तब्बल एक टन वजनाचं झुंबर. स्वयंपाकघरातल्या लोखंडी खांबांना ताडाच्या झावळ्या फुटलेल्या.

गंमत म्हणजे नॅश भारतात कधी आलाच नव्हता. त्याने आधार घेतला थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या चित्रांचा. हे दोघे अनेक वर्षं भारतात हिंडले होते. आपल्या घारापुरीच्या लेण्यांची चित्रंही डॅनियलांनी काढली आहेत!

जेवणाचं तर विचारूच नका. १८१७ च्या जानेवारीतल्या एका मेजवानीसाठी फ्रेंच बल्लवाचार्य कारेमने शंभराहून जास्त पदार्थांचा मेनू बनवला होता. ताट कुठे, पोट कुठे!

मालिशवाला सर्जन

आता येतोय माझा या यादीतला सर्वांत लाडका माणूस. शेख दीन मोहम्मद! जन्म १७५९, गाव पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी, मग आयर्लंड. तिथे जेन डॅली नावाच्या मुलीबरोबर पळून जाऊन लग्न. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासांवर पुस्तक छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं हे पहिलं पुस्तक!

थांबा, संपलं नाही. १८१० साली या गृहस्थांनी लंडनमध्ये ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ काढलं. करी, हुक्का, बांबूच्या खुर्च्या, सगळा थाट. ब्रिटनमधलं भारतीय मालकाचं ते पहिलं इंडियन रेस्टॉरंट. दोन वर्षांत दिवाळं निघालं. पन्नाशी उलटलेली, खिसा रिकामा. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळले असते.

दीनसाहेब १८१४ ला ब्रायटनला आले आणि समुद्रकिनारी हमामखाना थाटला. पेशंटला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, औषधी वनस्पतींची वाफ सोडायची आणि तंबूच्या फटींतून हात घालून झकास मालिश करायचं. याला ते ‘शाम्पूइंग’ म्हणत. केस धुण्याशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता.

गाव खूश! संधिवाताने जखडलेले लोक कुबड्या घेऊन येत आणि परत जाताना त्या तिथेच सोडून जात. दीनसाहेबांनी त्या कुबड्या दर्शनी भागातच मांडल्या. आजच्या भाषेत फाइव्ह स्टार रिव्ह्यू, तेही भिंतीवर! चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा चौथा विल्यम, अशा दोन राजांचे ते अधिकृत ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. १८५१ ला ब्रायटनमध्येच त्यांचं निधन झालं. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मार्था गन आणि कप्तान टेटरसेल त्याच आवारात शेजारी!

नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनमध्ये डॉक्टर झाला आणि रक्तदाबावर पायाभूत संशोधन करून गेला. आजोबांनी अंग मोकळं केलं, नातवाने नाडी धरली.

राणी गेली, रेल्वे आली

व्हिक्टोरिया राणीला मात्र ब्रायटन मानवलं नाही. फिरायला निघाली की लोकांचा गराडा! शेवटी १८५० साली महाल गावाने विकत घेतला, ५३ हजार पौंडांना. राजाचा महाल गावकऱ्यांच्या मालकीचा!

तोवर १८४१ ला लंडनहून रेल्वे आली होती. १८०१ साली जेमतेम सात हजार वस्तीचं गाव १८५१ पर्यंत ६५ हजारांवर गेलं. सरदार-दरकदारांची मक्तेदारी संपली आणि कारकून, कामगार, शाळकरी पोरं डबे घेऊन समुद्रावर हजर. ब्रायटन खऱ्या अर्थाने तेव्हाच ब्राइट झालं!

१८७२ साली इथे उघडलेलं मत्स्यालय आजही चालू आहे. जगातलं सर्वांत जुनं चालू मत्स्यालय!

४ ऑगस्ट १८८३ ला मॅग्नस फोल्क या स्थानिक पठ्ठ्याने किनाऱ्यावर विजेची छोटी गाडी सुरू केली. जगातली सर्वांत जुनी चालती विद्युत रेल्वे हीच. फोल्क मात्र एवढ्यावर थांबणारा नव्हता.

काय ते साल, काय ते वादळ!

ब्रायटनच्या इतिहासातलं एकच साल निवडायचं तर मी डोळे मिटून १८९६ निवडेन. पाहा तर खरं.

२२ ऑगस्ट. होव्हच्या मैदानावर ससेक्स विरुद्ध यॉर्कशायर. आपल्या रणजीतसिंहांनी एकाच दिवसात दोन शतकं ठोकली. पहिल्या डावात १००, दुसऱ्या डावात नाबाद १२५. रणजी ट्रॉफीवाले रणजी ते हेच!

१४ नोव्हेंबर. तोपर्यंत इंग्लंडात मोटारीपुढे एका माणसाने चालत जाणं कायद्याने सक्तीचं होतं. वेगमर्यादा ताशी चार मैल. ती त्या दिवशी १४ मैल झाली आणि आनंदाने बेभान झालेले मोटारवाले लंडनहून सुटले. कुठे? अर्थात ब्रायटनला! वाटेत कित्येक गाड्या बंद पडल्या. एक गाडी तर रेल्वेने आणून, शेवटी चिखल फासून शर्यतीत घुसवली, अशी कुजबुज तेव्हापासून आहे. आजही दर नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या मोटारी याच रस्त्याने धडधडत ब्रायटन गाठतात.

२८ नोव्हेंबर. फोल्कसाहेब परत! यावेळी रेल्वे थेट समुद्रातून. रूळ समुद्रतळावर, डबा २३ फूट उंच लोखंडी पायांवर, खाली लाटा, वर सोफे. रेल्वे म्हणावी की जहाज? सरकारलाही प्रश्न पडला आणि डब्यावर खलाशी कप्तान आणि जीवनरक्षक बोट ठेवणं बंधनकारक झालं. लोकांनी त्याला लाडाने ‘डॅडी लाँगलेग्ज’ म्हटलं. सहा दिवस मजेत गेले.

४ डिसेंबर. भीषण वादळ. लांबटांग्या डबा आडवा! १८२३ पासून समुद्रात उभा असलेला, टर्नर आणि कॉन्स्टेबल या चित्रकारांनी चितारलेला ‘चेन पिअर’ हा धक्का साफ वाहून गेला. त्याच्या लाकडांनी शेजारच्या वेस्ट पिअरलाही धडका दिल्या. फोल्क खचला का? छे! काही महिन्यांत डबा पुन्हा पायांवर उभा राहिला आणि १९०१ पर्यंत धावला. मला विचाराल तर हा माणूस फोल्क नव्हे, फौलाद होता.

चेन पिअर गेला, पण १८९९ ला पॅलेस पिअर उघडला. तो आजही गजबजलेला आहे. वेस्ट पिअर १९७५ ला बंद पडला, २००३ मध्ये आगीत जळाला. आता पाण्यात फक्त लोखंडी सांगाडा आहे, आणि थंडीत संध्याकाळी त्याच्यावर हजारो मैना थव्याने गिरक्या घेतात.

होव्हमध्ये रंगीत खेळ

सिनेमातला क्लोजअप कुठे वाढला, माहीत आहे का? होव्हमधल्या एका बागेत! जॉर्ज आल्बर्ट स्मिथ हा आधी स्टेजवर संमोहनाचे प्रयोग करायचा. १९०० साली त्याने आजीच्या भिंगातून दिसणाऱ्या वस्तूंचे भलेमोठे क्लोजअप घेऊन छोटी फिल्म बनवली. पुढे त्यानेच ‘किनेमाकलर’ ही यशस्वी ठरलेली पहिली रंगीत चित्रपट पद्धत शोधली. तिच्यात १९११ चा दिल्ली दरबार चित्रित झाला आणि १९१२ च्या सुरुवातीला लंडनकरांनी आपले हत्ती, अंबाऱ्या आणि राजेरजवाडे रंगात पाहिले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला तेव्हा वर्षभर अवकाश होता.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९७ ला इथल्या रॉटिंगडीनमध्ये राहायला आला. त्याचं घर बघायला टांगे भरभरून पर्यटक यायला लागले. वैतागून १९०२ ला त्याने मुक्काम हलवला. सेलिब्रिटी स्पॉटिंग तेव्हाही जोरात!

महालात वॉर्ड, हिरवळीवर चुली

आता जरा सावरून बसा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये लढताना जखमी झालेले भारतीय जवान १९१४ च्या डिसेंबरात ब्रायटनला आणले गेले. ठेवले कुठे? त्याच रॉयल पॅव्हिलियनमध्ये! ड्रॅगनच्या झुंबरांखाली खाटा लागल्या. घोड्यांच्या तबेल्याच्या घुमटाखालीही वॉर्ड झाला.

हिंदू, मुस्लिम, शीख सगळ्यांचा धर्म आणि आहार सांभाळायचा म्हणून महालाच्या आवारात नऊ स्वयंपाकघरं होती. नळसुद्धा वेगवेगळे. गावकरी कुंपणाबाहेर गर्दी करून जवानांना बघत. जवानांना मात्र गावात मोकळं फिरायची परवानगी नव्हती, आणि ही गोष्ट वाचताना आजही खटकते. या इस्पितळाचे सुंदर फोटो काढून ते ब्रिटिश सरकारने प्रचाराला वापरले, हेही तितकंच खरं.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये महालाच्या हिरवळीवर पाचव्या जॉर्जने जमादार मीर दस्त यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. ईप्रच्या रणांगणावर विषारी वायूच्या हल्ल्यात त्यांनी आपली माणसं सावरली होती.

जे वाचले नाहीत, त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख जवानांना शहराबाहेरच्या पॅचमच्या टेकड्यांवर अग्नी दिला गेला. अस्थी समुद्रात विसर्जित झाल्या. त्या जागेवर १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा कुणाचा, माहीत आहे का? ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण आर्किटेक्टचा! आजही दर जूनमध्ये तिथे मानवंदना दिली जाते. ब्रायटनला जाल तर पिअरवरचा एक तास कमी करा, पण या टेकडीवर चढाच.

१९२१ मध्येच भारताकडून आलेल्या देणगीतून पॅव्हिलियनच्या दक्षिणेला भारतीय शैलीची कमान उभारली. पतियाळाच्या महाराजांनी तिचं अनावरण केलं. चित्रांवरून बांधलेल्या महालाला भारताने दिलेला हा दरवाजा!

आता सुपरफास्ट

१९३०. रणजींचे पुतणे दुलीपसिंह होव्हवर एका दिवसात ३३३! काका-पुतणे दोघेही आज ट्रॉफ्यांच्या रूपाने घरोघरी. आणि २०२२ मध्ये चेतेश्वर पुजाराने ससेक्सच्या जर्सीत १०९४ धावा कुटल्या, सरासरी १०९ च्या वर. सौराष्ट्र-ससेक्स एक्स्प्रेस सुसाट!

१९६४. स्कूटरवाले मॉड्स आणि मोटारसायकलवाले रॉकर्स ब्रायटनच्या किनाऱ्यावर भिडले. इथे वाळू नाही, गोटेच गोटे. त्यामुळे दारूगोळा पायाखालीच!

१९७४. आठवतोय घोड्यांचा तो तबेला? आता तो ‘ब्रायटन डोम’ नावाचा हॉल आहे. तिथेच आबा या स्वीडिश बँडने ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन स्पर्धा जिंकली आणि जगाला वेड लावलं.

१९८०. कपड्यांची सक्ती नसलेला अधिकृत बीच सुरू. पुढच्या मुद्द्याकडे वळू!

१९८४, १२ ऑक्टोबर. पहाटे तीनच्या सुमारास ग्रँड हॉटेलमध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने पेरलेला बॉम्ब फुटला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर बचावल्या, पण पाच जणांचा जीव गेला. सकाळी साडेनऊला त्यांच्या पक्षाचं अधिवेशन ठरल्या वेळी सुरू झालं. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या प्रतिनिधींसाठी एका मोठ्या दुकानाने भल्या सकाळी दारं उघडली होती.

२०००. ब्रायटन आणि होव्हला मिळून शहराचा दर्जा. पण होव्हकरांना विचारा, “तुम्ही ब्रायटनचे का?” उत्तर ठरलेलं: “खरं तर होव्हचे!”

२००२. डीजे फॅटबॉय स्लिमची किनाऱ्यावर फुकट मैफल. अपेक्षा ६० हजारांची, आले सुमारे अडीच लाख!

२०१०. ब्रिटनच्या संसदेत ग्रीन पार्टीच्या पहिल्या खासदार इथूनच: कॅरोलाइन लुकास. मतदारसंघाचं नाव? ब्रायटन पॅव्हिलियन!

२०१६. वेस्ट पिअरच्या जागेवर १६२ मीटर उंच ‘आय ३६०’ मनोरा उभा राहिला. काचेचा गोल डबा माणसांना घेऊन खांबावरून सरळ वर चढतो. गिनीज बुकात जगातला सर्वांत सडपातळ मनोरा म्हणून नोंद! आणि उद्घाटनाची तारीख कोणती, माहीत आहे का? ४ ऑगस्ट. फोल्कच्या विजेच्या गाडीचा वाढदिवस!